मोबाइलमधील छायाचित्रे संगणकाकडे नेताना

मोबाइलने टिपलेली छायाचित्रे घरच्या संगणकावर नेण्यासाठी पुष्कळ लोक ऑनलाइन साठवणीचा उपयोग करतात. या व्यवस्थेत फाइल प्रथम इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर जाते व तेथून संगणकावर उतरते. म्हणून निवड करताना आधी जागा पाहावी. गूगल ड्राइव्ह १५, वनड्राइव्ह ५ व ड्रॉपबॉक्स २ गिगाबाइट जागा विनामूल्य देतात. मात्र गूगलच्या जागेत जीमेलचाही वाटा असतो.

दुसरी बाब वेगाची. एका बाइटचे ८ बिट होतात. त्यामुळे सेकंदास १० मेगाबिट या वेगाने १ गिगाबाइट पाठविण्यास ८०० सेकंद, म्हणजे सुमारे १३ मिनिटे लागतात.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची बाब समक्रमणाची होय. समक्रमण म्हणजे सर्व ठिकाणच्या फाइली एकसारख्या ठेवणे. ते चालू असता एका ठिकाणी पुसलेले छायाचित्र इतर ठिकाणांहूनही नाहीसे होते. यास्तव अशी साठवण ही वाटेवरची धर्मशाळा समजावी, तिजोरी नव्हे. छायाचित्र समक्रमित फोल्डरबाहेर उतरवून घ्यावे आणि ते संगणकावर नीट उघडते, अशी खात्री झाल्यावरच मोबाइलमधील मूळ प्रत पुसावी.