जुना मारिओ, नवा मारिओ!

दोस्तांनो, आज घरी एक गंमत करून बघा. संध्याकाळी आई चहा पीत बसली असेल किंवा बाबा भाजी निवडत असतील, तेव्हा हळूच विचारा, "तुम्ही लहानपणी मारिओ खेळायचात का?" आणि मग त्यांचा चेहरा बघा हं! "अरे, मे महिन्याच्या सुट्टीत दुसरं काय करायचो आम्ही?" असं म्हणून त्यांची गाडी जी सुटेल, ती जेवणाची पानं मांडेपर्यंत थांबायची नाही. मग त्या पिवळ्या कॅसेटची गोष्ट निघेल. खेळ सुरू झाला नाही की तिच्यात फुंकर कशी मारायचो, ते साभिनय करून दाखवलं जाईल. (खरं तर तोंडातल्या ओलाव्यानं कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या गंजतात. पण तेव्हा कोण ऐकतंय!) आणि 'आता माझी पाळी' म्हणून झालेली भांडणंही आठवतील.

१९९०च्या दशकात आपल्याकडे घरोघरी दिसणारे ते टीव्ही गेम बहुतेक करून नक्कल होते बरं का! मूळ यंत्र जपानच्या निन्टेंडो कंपनीचं. त्याचं नाव 'फॅमिकॉम'. ते १९८३ साली बाजारात आलं. आपल्याकडच्या कॅसेटवर '९९९९ खेळ' असं झोकात छापलेलं असायचं. प्रत्यक्षात आत मोजकेच खेळ, आणि तेच ते पुन्हा पुन्हा! पण त्या यादीत मारिओ असला की झालं, पैसे वसूल.

हा मारिओ अजून म्हातारा झालेला नाही. नव्या यंत्रांसाठी तो पुन्हा पुन्हा बाजारात आला. चित्रं बदलली, रंग बदलले, संगीत बदललं. मग प्रश्न असा, की हा नवा मारिओ आणि आई-बाबांचा मारिओ एकच का? चला, शोधून काढू या.

चाळीस किलोबाइटचं राज्य

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ रोजी आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला. संगीत कोजी कोंदो यांचं. एकूण ८ जगं, प्रत्येक जगात ४ टप्पे, म्हणजे ३२ टप्पे झाले. त्यात कासवं, अळंब्या, नाणी, किल्ले आणि एक राजकन्या! आणि हे सगळं मावलं किती जागेत? फक्त ४० किलोबाइटमध्ये. आज फोनवर काढलेला एक फोटो सहज दोन मेगाबाइटचा असतो. म्हणजे त्या एका फोटोच्या जागेत असे पन्नास मारिओ बसतील!

जागा एवढी कमी, तर काटकसर करायलाच हवी. ती कशी केली माहीत आहे? खेळातला ढग नीट पाहा, आणि मग जमिनीवरचं झुडूप पाहा. काही लक्षात आलं? दोन्ही एकच चित्र आहे! पांढरं रंगवलं की ढग, हिरवं रंगवलं की झुडूप. मारिओच्या मिशा आणि टोपीसुद्धा अशाच जन्माला आल्या. १९८१ सालच्या 'डाँकी काँग' या खेळात तो पहिल्यांदा दिसला, तेव्हा इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड आणि केस काढणं अवघड होतं. म्हणून नाकाखाली मिशा चिकटवल्या आणि डोक्यावर टोपी घातली!

वीट फुटली, पुढे काय?

१९९३ साली निन्टेंडोनं आपल्या पुढच्या यंत्रासाठी हाच खेळ नव्यानं काढला. 'सुपर मारिओ ऑल-स्टार्स' या संग्रहात तो होता. आता जागेची चणचण नव्हती. पार्श्वभूमीला टेकड्या आल्या, रंग खुलले. शिवाय खेळ साठवून ठेवायची सोय झाली. त्यामुळे आउट झालं की पार पहिल्यापासून सुरुवात, ही धास्ती गेली.

चित्रातला फरक तर कुणालाही दिसेल. पण एक फरक डोळ्यांना चटकन दिसत नाही, बोटांना मात्र लगेच कळतो. मूळ खेळात मोठा मारिओ उडी मारून डोक्यानं वीट फोडतो आणि आपटून तत्काळ खाली येतो. १९९३च्या खेळात वीट फुटल्यावरही तो वर जातच राहतो. फरक एवढासाच! पण ज्यानं जुना खेळ शेकडो वेळा खेळलाय, त्याचा अंदाज नेमका तिथेच चुकतो आणि स्वारी थेट कासवावर जाऊन पडते.

आजी नाही का म्हणत, पाट्यावरच्या चटणीची चव मिक्सरच्या चटणीला नाही? खोबरं तेच, मिरची तीच, मीठही तेवढंच. तरी जिभेला फरक कळतो. खेळाचंही तसंच असतं.

१९९९ साली मारिओ हातात धरायच्या 'गेमबॉय कलर' यंत्रावर आला. मूळ खेळाचं चित्र २५६ आडव्या आणि २४० उभ्या ठिपक्यांचं. या छोट्या पडद्यावर मात्र १६० आणि १४४ ठिपकेच मावत होते. चित्राचा आकार तोच ठेवला, त्यामुळे एका वेळी निम्म्याहून कमी भाग दिसू लागला. समोरून येणारा शत्रू आधी लांबूनच दिसायचा, तो आता एकदम अंगावर! टप्पे तेच असूनही खेळ अवघड झाला.

चुकून सापडलेलं जग

आता एक गुपित. मूळ खेळात पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात, अगदी शेवटी, एका ठरावीक पद्धतीनं उडी मारली तर मारिओ चक्क भिंतीतून आरपार जातो! तिथल्या पाइपात शिरलं की पडद्यावर 'वर्ल्ड -१' असं उमटतं. हा पाण्याखालचा टप्पा काही केल्या संपत नाही. शेवट आला असं वाटतं, आणि पुन्हा आपले सुरुवातीला!

हे जग कुणी मुद्दाम बनवलेलं नव्हतं. ती प्रोग्रॅममधली चूक होती. यंत्र खरं म्हणजे 'जग ३६' दाखवू पाहत होतं, पण त्याच्याकडच्या चित्रांत ३६ क्रमांकाची जागा कोरी होती. त्यामुळे आकडा उमटलाच नाही, आणि उरलं नुसतं '-१'. जगभरची मुलं हे गुपित एकमेकांच्या कानात सांगत होती. १९९३ साली मात्र ही चूक दुरुस्त झाली, आणि त्याबरोबर ते जगही गेलं. आता सांगा, चूक सुधारली हे चांगलं झालं की वाईट?

बंदूक का चालेना?

इथवर आपण खेळ बदलला तर काय होतं ते पाहिलं. आता उलटं बघू. खेळ तोच, पण टीव्ही बदलला तर?

बदकं मारायचा खेळ आई-बाबांना नक्की आठवत असेल. 'डक हंट' हे त्याचं नाव, साल १९८४. खेळाबरोबर प्लॅस्टिकची बंदूक मिळायची. तिच्यातून काहीच बाहेर पडायचं नाही, उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा होता. घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीला काळ्यानंतर लगेच पांढरा उजेड दिसला, की नेम बरोबर!

हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत घडायचं. जुना डबा टीव्ही सिग्नल आला की लगेच चित्र उमटवायचा. आजचा सपाट टीव्ही आधी चित्रावर थोडं काम करतो, मग दाखवतो. तेवढ्या उशिरानं बंदूक फसते. म्हणून माळ्यावरची बंदूक धडधाकट असली तरी दिवाणखान्यातल्या नव्या टीव्हीवर बदक काही पडायचं नाही.

निन्टेंडोनं २०१४ साली 'वी यू' या यंत्रासाठी हा खेळ पुन्हा आणला. बंदुकीऐवजी हातात रिमोट होता. पण २७ मार्च २०२३ रोजी त्या यंत्राचं ऑनलाइन दुकान बंद झालं, आणि ही नवी आवृत्तीही विकत मिळेनाशी झाली. बघा, जुना चालत नाही आणि नवा मिळत नाही!

ही गोष्ट एकट्या बदकांची नाही. अमेरिकेतल्या 'व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन' या संस्थेनं २०२३ साली एक पाहणी केली. तिथे २०१० पूर्वी आलेल्या दर १०० खेळांपैकी ८७ खेळ आज दुकानात मिळत नाहीत, असं तिला आढळलं. मारिओ लाडका, म्हणून तो पुन्हा पुन्हा येतो. बाकीच्यांना कोण विचारणार? म्हणूनच न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी 'द स्ट्राँग' नावाच्या संग्रहालयात जुने खेळ आणि यंत्रं जपून ठेवतात.

मग चांगला कुठला?

नवा खेळ वाईट मुळीच नाही. पहिल्यांदाच खेळणाऱ्याला तो सोपा जातो, डोळ्यांनाही छान दिसतो. पण नवा आला म्हणून जुना फेकून द्यायचा नसतो. नव्यात काय बदललं, हे जुना जवळ असेल तरच कळणार ना?

आता सुट्टीतला उद्योग. निन्टेंडोच्या 'स्विच' यंत्रावर वर्गणी भरणाऱ्यांना मूळ मारिओ २०१८ पासून आणि १९९३चा मारिओ २०२० पासून मिळतो. कुणाकडे ते असेल, तर आई-बाबांना शेजारी बसवा आणि पहिला टप्पा दोन्हींत खेळा. आउट झाल्यावर खेळ मागे फिरवायचीही सोय तिथे आहे. एकदा ती वापरून खेळा, एकदा न वापरता. छातीत धडधड कधी जास्त होते, ते वहीत लिहा.

आणि माळ्यावर जुनी कॅसेट सापडली, तर ती भंगारात देऊ नका. कोरड्या फडक्यानं पुसा, डब्यात ठेवा, वर नाव आणि साल लिहा. फक्त एक करा, तिच्यात फुंकर मारू नका हं!