प्रतिष्ठान : गोदाकाठची राजधानी

माजलगावच्या धरणात सिंदफणा नदीच्या जोडीला पैठणचंही पाणी येतं, जायकवाडीच्या उजव्या कालव्यातून. हे पैठण म्हणजेच प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. गोदावरीच्या उत्तर काठावरचं हे शहर ग्रीक व्यापाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथामध्ये त्याचा चक्क पत्ता सापडतो: भडोच बंदरापासून दक्षिणेला २० दिवसांची वाट, आणि पैठणपासून पूर्वेला १० दिवसांवर तगर. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून रंगीत मौल्यवान दगड, तेरहून जाडंभरडं कापड आणि मलमल असा माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. कोकणातल्या बंदरांसाठी जुन्नरजवळचा नाणेघाट होता. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, नाण्यांच्या आकड्यांसह.

आमच्या मते मराठवाड्यातल्या प्रत्येकानं तेर एकदा तरी पाहायलाच हवं. तिथं मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी विलक्षण जुळते, आणि पॉम्पेई तर इसवी सन ७९ मध्येच ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं.