वीस दिवसांचा पट्टा

१९९८ साली मी बाजारात उतरलो तेव्हा आमच्या डोंबिवलीच्या सब-ब्रोकरकडे आलेखाचं सॉफ्टवेअर नव्हतं. चौकटीच्या वहीत रोजचा बंद भाव टिपायचा आणि संध्याकाळी कॅल्क्युलेटर घेऊन बसायचं. शेवटच्या वीस दिवसांची सरासरी काढायची. प्रत्येक दिवसाचा भाव तिच्यापासून किती लांब, ते अंतर काढून त्याचा वर्ग करायचा, वर्गांची सरासरी घ्यायची, तिचं वर्गमूळ. त्याची दुप्पट सरासरीत मिळवली की वरची रेषा, वजा केली की खालची. एका शेअरला पाव तास जाई. पण एखादा दिवस दणकून हलला की दोन्ही रेषा कशा फाकतात, ते वहीवरच कळायचं. आज मोबाइलवर एक बोट टेकवलं की रेषा हजर होतात आणि नेमका हा हिशेब नजरेआड राहतो.

या पट्ट्याला बोलिंजर बँड म्हणतात. जॉन बोलिंजर यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो घडवला. त्याआधी सरासरीच्या वर-खाली ठरावीक टक्क्यांवर रेघ मारत. किती टक्के, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. १९६० साली चेस्टर केल्टनर यांनी रोजच्या चढ-उताराच्या पल्ल्यावरून रेषा काढल्या होत्या. बोलिंजर ऑप्शनचे सौदे करत, त्यामुळे बाजाराची चंचलता एकसारखी राहत नाही हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी पट्ट्याची रुंदी बाजारावरच सोपवली. भाव रेषेला टेकला म्हणजे सौद्याचा इशारा मिळाला असं नव्हे, हेही ते पहिल्यापासून बजावत आले आहेत.

आम्ही शिकलो ते उलटंच. खालच्या रेषेला घ्या, वरच्या रेषेला विका. बाजार एका जागी घोटाळत असला की हे जमतंही. महिनोन्‌महिने जमतं आणि तिथेच माणूस फसतो.

माझा हिशेब २०२०च्या मार्चमध्ये चुकता झाला. २८ फेब्रुवारीला निफ्टी ११,२०१ वर, खालच्या रेषेच्या बाहेर बंद झाला. मी घेतलं; दोन दिवसांत आत येईल अशी खात्री होती. पुढचे तीन आठवडे भाव खालच्या रेषेला धरून उतरत राहिला आणि रेषाही त्याच्यासोबत खाली जात राहिली. मी आणखी घेत खरेदीची सरासरी कमी करत गेलो. १३ मार्चला बाजार उघडताच दहा टक्क्यांचं लोअर सर्किट लागलं. पंचेचाळीस मिनिटं स्क्रीन गोठलेली. त्याच दिवशी सेन्सेक्स १,३२५ अंक वर बंद झाला आणि मला वाटलं, सुटलो. २३ मार्चला तो ३,९३४ अंकांनी, म्हणजे तेरा टक्क्यांनी कोसळला. दोन वर्षांची कमाई गेली. वही काढून पाहिलं तर पट्टा कुठेच चुकलेला नव्हता. तो रुंदावत होता, म्हणजे हालचाल वाढतेय हे रोज सांगत होता. मी मात्र त्याला दिशा विचारत होतो.

तेव्हापासून मी आधी रुंदी बघतो. पट्टा आवळलेला असेल तर सौदा लहान घेतो आणि भाव कुठल्या बाजूनं फुटतो याची वाट पाहतो. रुंदावत असेल तर उलट्या बाजूनं अंगावर घेत नाही.

पाच मिनिटांच्या आलेखावर खेळणारी हल्लीची मुलं पाहिली की जीव कासावीस होतो. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला, १.८ लाख कोटींहून अधिक रुपये गेले, असं सेबीचाच अभ्यास सांगतो. त्यापाठोपाठ ४ जून २०२४ आला. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर २३,२६३ वर गेलेला निफ्टी लोकसभेच्या निकालाच्या दिवशी २१,८८४ वर बंद झाला, आणि ७ जूनला पुन्हा २३,२९० वर होता. दोन्ही बाजूंचे स्टॉपलॉस उडाले.

३ जुलैला सेन्सेक्स पहिल्यांदा ८०,००० ला टेकला. त्याच दिवशी ४ जूनचा भाव वीस सत्रांच्या हिशेबातून बाहेर पडला. खालची रेषा वर सरकली आणि पट्ट्यात त्या दिवसाची खूणही उरली नाही.