परवाना, पाठबळ आणि बाहेर पडण्याची वाट : मुंबईच्या व्यवसायांतील सर्व्हरचा तौलनिक विचार

संगणकांच्या जाळ्यात बसून इतर संगणकांना फायली, हिशेब, ई-मेल, छपाई अशा सेवा अखंड पुरवणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात, आणि त्याच्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. व्यापारी सॉफ्टवेअरमध्ये ग्राहक फक्त वापराचा परवाना विकत घेतो; ते ज्या आज्ञांनी बनले त्या आज्ञा, म्हणजे सोर्स कोड, कंपनीच्याच ताब्यात राहतात. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये तोच कोड कोणालाही वाचता, वापरता, बदलता आणि परवान्यातील अटी पाळून पुढे देता येतो. या दोहोंची तुलना बहुतेक वेळा ‘एकाला पैसे पडतात, दुसरे फुकट मिळते’ एवढ्यावरच आटोपली जाते. दलाल स्ट्रीटवरील शेअर बाजारापासून गिरगाव-दादरच्या पेढ्यांपर्यंत या दोन्ही प्रकारांचा जो वापर होत आला आहे तो पाहिला, तर मात्र निर्णायक ठरणारे प्रश्न वेगळेच दिसतात : सर्व्हर बंद पडला तर जबाबदारी घेऊन उभे राहणार कोण, आणि पुरवठादाराने उद्या अटी बदलल्या तर ग्राहकाला आपला डेटा घेऊन दुसरीकडे जाता येईल का.

दलाल स्ट्रीटचा दाखला

१८७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई शेअर बाजारातले सौदे १९९५ पर्यंत रिंगमध्ये उभे राहून, ओरडून आणि हातवारे करून होत असत. १४ मार्च १९९५ रोजी तिथे ‘बोल्ट’ ही संगणकीय सौदाप्रणाली सुरू झाली आणि ती टँडम कंपनीच्या यंत्रांवर चालवण्यात आली. या यंत्रांत महत्त्वाचा प्रत्येक भाग जोडीने बसवलेला असे, त्यामुळे एक भाग निकामी झाला तरी काम थांबत नसे. बाजाराला हवी असलेली खात्री नेमकी हीच होती. पण यंत्र, त्याची कार्यप्रणाली आणि देखभाल या तिन्ही गोष्टी एकाच कंपनीकडून घ्याव्या लागत. १९९७ मध्ये टँडम ही कंपनी कॉम्पॅकने विकत घेतली आणि २००२ मध्ये कॉम्पॅक स्वतःच ह्युलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली. म्हणजे बाजाराने कोणताही निर्णय न घेता त्याचा पुरवठादार दोनदा बदलला.

२०१३ मध्ये बाजाराने जर्मनीच्या डॉइश बोर्स या शेअर बाजाराशी भागीदारी केली आणि ७ एप्रिल २०१४ पासून समभागांचे व्यवहार ‘बोल्ट प्लस’ या नव्या प्रणालीवर नेले. तिचा गाभा म्हणजे डॉइश बोर्सची ‘टी-सेव्हन’ ही प्रणाली, आणि ती लिनक्सवर, म्हणजे लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या मुक्तस्रोत कार्यप्रणालीवर चालते. त्यानंतर सौद्याला मिळणारा प्रतिसाद मिलिसेकंदांऐवजी मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांशांत मोजला जाऊ लागला.

या दाखल्यातून मुक्तस्रोताचा निखळ विजय वाचणे मात्र चुकीचे ठरेल, कारण टी-सेव्हन हे सॉफ्टवेअर स्वतः मुक्तस्रोत नाही. बाजाराने पाया मुक्तस्रोताचा घेतला आणि सौदे जुळवणारा थर व्यापारी ठेवला. शिवाय पाया कितीही भक्कम असला तरी भोवतालची व्यवस्था लंगडी पडू शकते, हेही लगेच दिसून आले. ३ जुलै २०१४ रोजी नेटवर्कमधील बिघाडामुळे मुंबई शेअर बाजाराचे व्यवहार काही तास थांबले, आणि २४ फेब्रुवारी २०२१ रोजी दूरसंचार जोडण्या आणि डेटा साठवणारी यंत्रणा यांतील बिघाडामुळे राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार दुपारभर बंद राहिल्याने त्या दिवशी कामकाजाची वेळ संध्याकाळी ५ पर्यंत वाढवावी लागली. दोन्ही वेळा कसोटी लागली ती परवान्याच्या प्रकाराची नव्हे, तर आधारव्यवस्थेची.

लॅमिंग्टन रोड, टॅली आणि तिसरा पर्याय

शेअर बाजाराला स्वतःचा तंत्रज्ञ-विभाग पोसता येतो. गिरगावातील सनदी लेखापालाच्या कार्यालयाला, दादरच्या साड्यांच्या दुकानाला किंवा लालबागच्या मसाल्याच्या व्यापाऱ्याला ते परवडत नाही. त्यांचा सर्व्हर बहुधा लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुटे भाग निवडून जुळवलेला असतो आणि एखादा इंजिनिअर ‘एएमसी’वर, म्हणजे वार्षिक देखभाल करारावर, त्याची काळजी घेतो. त्या सर्व्हरवर मुख्य काम एकच असते : ‘टॅली’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवणे आणि कार्यालयातील सर्व संगणकांना तो एकाच वेळी उघडू देणे.

अशा कार्यालयांत मुक्तस्रोताची खरी स्पर्धा व्यापारी सॉफ्टवेअरशी कधी नव्हतीच. ती होती चोरीच्या प्रतीशी. ज्याला ‘क्रॅक’ केलेली विंडोज सर्व्हरची प्रत यंत्रासोबतच टाकून मिळत असे, त्याला लिनक्स फुकट आहे या गोष्टीचे अप्रूप वाटण्याचे कारणच नव्हते. पण प्रताधिकार कायदा, १९५७ मधील कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रतीचा जाणूनबुजून वापर हा गुन्हा असून त्यासाठी सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितलेला आहे. त्याहूनही रोजचा धोका असा की, परवाना तपासणारी यंत्रणा निकामी करणारे साधन स्वतःच घातक सॉफ्टवेअर घेऊन येऊ शकते, आणि पकडले जाण्याच्या भीतीने अशा यंत्रावरची सुरक्षाविषयक अद्ययावतने बंद ठेवली जातात. म्हणून प्रामाणिक तुलना करायची तर हा तिसरा पर्याय आधी बाजूला सारावा लागतो.

परवान्यांचा हिशेब

वीस माणसांचे एक कार्यालय डोळ्यांसमोर ठेवले तर हा हिशेब स्पष्ट होतो. विंडोज सर्व्हरच्या २०१६ च्या आवृत्तीपासून परवाना प्रोसेसरमधील गाभ्यांवर मोजला जातो आणि एका सर्व्हरमागे किमान सोळा गाभ्यांचा परवाना घ्यावा लागतो. त्याखेरीज सर्व्हरची सेवा घेणाऱ्या प्रत्येक व्यक्तीसाठी किंवा यंत्रासाठी ‘कॅल’ हा जोडणी-परवाना वेगळा लागतो. आणि कर्मचारी घरून किंवा दुसऱ्या शाखेतून ‘रिमोटवर टॅली’ चालवत असतील तर त्यासाठी दूरस्थ वापराचा कॅल पुन्हा निराळा घ्यावा लागतो. कोटेशनमध्ये पहिली ओळ तेवढी ठळक असते आणि पुढच्या दोन ओळी अनेकदा खरेदीनंतर पुढे येतात.

लिनक्सच्या बाजूला हेच काम ‘सांबा’ करते. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये सुरू केलेले हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर लिनक्सवरील फोल्डर विंडोजच्या संगणकांना त्यांच्याच पद्धतीने दाखवते. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून ते मायक्रोसॉफ्टच्या ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ पद्धतीच्या डोमेन कंट्रोलरचे, म्हणजे कोणी कोणत्या पासवर्डने आत यावे हे एकाच जागी तपासण्याचे कामही करू शकते. वापरणाऱ्यांच्या संख्येनुसार सांबाला कोणताही परवाना लागत नाही. मात्र टॅली हे विंडोजसाठी बनवलेले सॉफ्टवेअर असल्याने ते प्रत्यक्ष सर्व्हरवर चालवायचे झाले की विंडोज टाळता येत नाही. त्यामुळे फायली आणि बॅकअप लिनक्सवर, टॅली विंडोजवर आणि दोन्ही एकाच यंत्रात स्वतंत्र आभासी संगणक म्हणून, ही मांडणी अशा कार्यालयांना सर्वांत सोयीची पडते.

पाठबळ कोणाचे?

व्यापारी परवाना घेतला म्हणजे कंपनीचा माणूस दादरला धावून येतो, हा समज खरा नाही. परवान्यात अद्ययावतने येतात, माणूस येतो तो स्थानिक इंजिनिअरच्या करारातून, आणि तो करार दोन्ही पर्यायांत वेगळाच करावा लागतो. फरक आहे तो माणसे मिळण्यात. विंडोज सर्व्हर सांभाळणारा इंजिनिअर सोडून गेला तर दुसरा लवकर सापडतो, पण लिनक्सवर एखाद्याने स्वतःच्या पद्धतीने लिहिलेल्या आज्ञा कुठेही नोंदवलेल्या नसतील तर त्याच्यानंतर येणाऱ्याला सगळे मुळापासून उलगडावे लागते, आणि मुख्य पासवर्ड त्याच्या एकट्याकडेच असेल तर मालक स्वतःच्याच सर्व्हरबाहेर उभा राहतो.

मुक्तस्रोतातही जबाबदार पुरवठादार असू शकतो, याचे उदाहरण मुंबईतच आहे. रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने, जी आज फ्रॅपे म्हणून ओळखली जाते, ‘ईआरपीनेक्स्ट’ हे हिशेब, साठा, खरेदी-विक्री आणि पगारपत्रके एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत म्हणून दिले. कंपनी ते सांभाळून चालवून देण्याचे आणि आधाराचे पैसे घेते. ग्राहकाला हवे तर तेच सॉफ्टवेअर तो स्वतःच्या सर्व्हरवर उतरवू शकतो किंवा दुसऱ्या पुरवठादाराकडे सोपवू शकतो.

अटी बदलतात तेव्हा

गेल्या काही वर्षांत दोन्ही बाजूंनी ग्राहकांना धक्के बसले आहेत. रेड हॅट कंपनीच्या लिनक्सची विनाशुल्क आवृत्ती म्हणून असंख्य सर्व्हरवर बसवलेल्या ‘सेंटओएस’च्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार अपेक्षित होता, डिसेंबर २०२० मध्ये तो २०२१ अखेर संपवण्याचे जाहीर झाले. कोड खुला असल्यामुळे २०२१ मध्येच ‘अल्मा लिनक्स’ आणि ‘रॉकी लिनक्स’ हे दोन वारस उभे राहिले आणि ग्राहकांना सर्व्हर मोडून नव्याने न उभारता त्यांच्याकडे वळता आले.

दुसरा धक्का व्यापारी बाजूचा होता. एका यंत्रात अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आघाडीवर असलेली व्हीएमवेअर कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने विकत घेतली आणि लगेचच कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत लागू केली. ग्राहकांपुढे नवा दर मान्य करणे किंवा ‘प्रॉक्समॉक्स’सारख्या मुक्तस्रोत पर्यायाकडे सगळा पसारा हलवणे एवढेच उरले. अटी दोन्हीकडे बदलल्या, पण एका ठिकाणी वाट आधीपासून होती आणि दुसऱ्या ठिकाणी ती काढावी लागली.

कायदा, पाणी आणि वीज

निवडीवर कायद्याचाही भार आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची, बंद न करता येणारी नोंद असणे बंधनकारक झाले आहे. तर ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणेतील नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. मुक्तस्रोतात डेटाबेसला थेट हात घालता येतो हे त्याचे बळ असले, तरी लेखापरीक्षक नेमका त्याच जागी बोट ठेवतो, कारण सॉफ्टवेअरला वळसा घालून केलेला फेरफार नोंदीत येईलच असे नाही. म्हणून डेटाबेसच्या पातळीवरची नोंद सुरू आहे ना, हे इंजिनिअरकडून लेखी घ्यावे लागते.

याला मुंबईचे स्वतःचे दोन धोके जोडायला हवेत. हिंदमाताच्या सखल भागात पावसाळ्यात पाणी तुंबते, २६ जुलै २००५ च्या पुराने तळमजल्यावरील कार्यालयांना कायमचा धडा दिला, आणि १२ ऑक्टोबर २०२० रोजी महानगराचा मोठा भाग कित्येक तास विजेविना राहिला. तळमजल्यावरच्या सर्व्हरशेजारीच ठेवलेली बॅकअपची डिस्क अशा वेळी कामाची राहत नाही. एक प्रत इमारतीबाहेर असणे दोन्ही प्रकारांत सारखेच अनिवार्य आहे.

निवडीची कसोटी

या सगळ्याचा निष्कर्ष एका प्रकाराची शिफारस करण्यात नाही. जिथे विंडोजवरच चालणारे सॉफ्टवेअर अटळ आहे तिथे त्याचे पूर्ण परवाने घ्यावेत. फायली, बॅकअप, ई-मेल, डेटाबेस हे थर मात्र शक्य तिथे मुक्तस्रोतावर ठेवावेत, कारण पेढीचा डेटा तिथे असतो आणि पुरवठादार बदलण्याचे स्वातंत्र्य तिथेच सर्वाधिक लागते. करार करताना दरापूर्वी चार गोष्टी लिहून घ्याव्यात : किती तासांत माणूस येईल, मुख्य पासवर्ड मालकाकडे कसा राहील, मांडणीची नोंद कोण ठेवेल आणि वर्षातून एकदा बॅकअप कोऱ्या यंत्रावर उतरवून मालकासमोर कोण दाखवेल. एकट्या दुकानदाराला हे जड जात असेल, तर एकाच इमारतीतील किंवा एकाच व्यापारी संघातील पेढ्यांनी मिळून लिनक्स आणि विंडोज दोन्ही जाणणारी छोटी आधार-तुकडी नेमावी आणि माटुंग्याच्या वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेसारख्या जवळच्या शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांना तिथे उमेदवारी करू द्यावी. शेअर बाजाराने स्वतःच्या पैशाने जी निवडीची मोकळीक मिळवली, ती गिरगाव-लालबागच्या पेढीला अशा सहकारातूनच मिळू शकते.