प्रोसेसर बदलण्यापूर्वीं

मेजावरचा संगणक मंद चालूं लागला म्हणजे नवा प्रोसेसर घेण्याचा विचार गृहस्थाच्या मनांत प्रथम येतो. विचार वावगा नाहीं. परंतु प्रोसेसर मदरबोर्डावर बसतो, त्याच्याकडूनच वीज घेतो आणि त्याच्याच मार्फत इतर भागांशीं व्यवहार करतो. म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं घरांतील बोर्ड कोणकोणते प्रोसेसर स्वीकारतो, हें पाहणें अगत्याचें आहे.

ज्या खोबणींत प्रोसेसर बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या ‘एलजीए ११५१’ या नांवांतील आंकडा स्पर्शबिंदूंची संख्या सांगतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्यें १३३१ भोंकें असून प्रोसेसरच्या बुडाशीं तितक्याच पिना असतात. २०२२ सालीं आलेल्या एएम५ मध्यें १७१८ स्पर्शबिंदु आहेत व त्यावर केवळ डीडीआर५ जातीची रॅम चालते. अर्थात् एएम४ वरून एएम५ वर जाणें म्हणजे बोर्ड आणि रॅमही बदलणें होय.

खोबण जुळली म्हणजे सारें जुळलें असें पुष्कळांस वाटतें, आणि फसगत होते ती येथेंच. इंटेलनें २०१७ च्या ऑक्टोबरांत आठव्या पिढीचे प्रोसेसर काढले. सॉकेटचा आंकडा पूर्वीचाच, ११५१. परंतु अधिक वीज पुरविण्यासाठीं कांहीं बिंदूंचीं कामें बदललेलीं होतीं. त्यामुळें हे प्रोसेसर १०० व २०० मालिकेच्या चिपसेटांवर चालावयाचे नाहींत. त्यांस ३०० मालिकेचाच बोर्ड हवा, असें ठरलें.

उलट प्रकारही घडतो. एएमडीच्या ३०० मालिकेचे बोर्ड २०१७ सालीं आले. २०२० सालच्या रायझन ५००० मालिकेस त्यांवर प्रथम मुभा नव्हती. ती २०२२ सालीं मिळाली. हा बदल घडवून आणला तो बायॉसनें. बायॉस म्हणजे संगणक सुरू होतांच बोर्डावर प्रथम चालणारी आज्ञावली. ती जुनी असेल तर नवा प्रोसेसर तिला ओळखतां येत नाहीं व पडदा काळाच राहतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. बोर्डाचें पूर्ण नांव बोर्डावरच छापलेलें असतें. विंडोजमधील ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ या पानावरही तें बहुधा मिळतें, आणि बायॉसची आवृत्ति तेथेंच दिसते. मग बोर्डाच्या उत्पादकानें प्रसिद्ध केलेली प्रोसेसरांची यादी पाहावी. तींत प्रत्येक प्रोसेसरापुढें किमान कोणती बायॉस हवी हें दिलेलें असतें. विक्रेत्याच्या तोंडी हमीपेक्षां ही यादी अधिक विश्वसनीय समजावी. बायॉसचें नूतनीकरण जुना प्रोसेसर जागेवर असतांनाच करावें, आणि तें चालू असतां वीज जाऊं नये म्हणून यूपीएसचा आधार घ्यावा. अर्ध्यावर खंड पडल्यास बोर्डच निकामी होण्याचें भय असतें.

यादींत नांव आढळलें तरी आणखी दोन गोष्टी राहतात. पहिली उष्णतेची. ६५ वॅटच्या प्रोसेसरासाठीं घेतलेल्या स्वस्त बोर्डावर १०५ वॅटचा रायझन ७ ५८००एक्स बसविला, तर वीज नियंत्रित करणारे भाग तापून त्याचा वेग आवरला जाण्याचा संभव असतो. त्याच्या पेटींत पंखाही येत नाहीं. तो खर्च निराळा. दुसरी गोष्ट चित्राची. रायझन ३ २२००जी मध्यें पडद्यावर चित्र उमटविणारा भाग आहे. रायझन ५ ५६०० मध्यें तो नाहीं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नांवाअखेर ‘एफ’ हें अक्षर असतें, त्यांतही तो नसतो. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरीं असा प्रोसेसर आणला, तर सर्व कांहीं ठीक बसूनही पडद्यावर कांहींच दिसणार नाहीं.

ही सारी तपासणी अर्ध्या तासाची आहे. पेटी फोडल्यावर माल परत घेण्यास दुकानदार सहसा राजी नसतो, आणि पिन वांकली तर बोलणेंच खुंटतें. मुलांच्या अभ्यासासाठीं सांठविलेले पैसे अशा रीतीनें अडकूं नयेत. प्रोसेसरची निवड दुकानांत होत असली, तरी तिची मर्यादा घरच्या बोर्डानें आधींच ठरविलेली असते.