रोज्यांची रोजकीर्द

"भाई, महिनाभर दिवसा पाण्याचा घोट नाही, मग हे पोट आलं कुठनं?"

गेल्या ईदनंतर लोणंदच्या कांदा बाजारात एका हमालानं मला असं विचारलं आणि हाताला धरून काट्यावर उभं केलं. रमजानच्या आदल्या दिवशी याच काट्यावर मी ८४ किलो भरलो होतो. आता ८६. कांदा वाळला की घटतो, आमचे दिवाणजी उपाशी राहून वाढतात, अशी चेष्टा दिवसभर चालली.

मीही हसलो. पण घरी कपाटात एक रिपोर्ट होता. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२. मधुमेह नव्हे, त्याचा उंबरठा. आमच्या अब्बांचा पाय याच साखरेनं गेला. शेवटची चार वर्षं ते दारात खुर्ची टाकून बाजाराला जाणारी माणसं बघत बसायचे.

रोजा काही वजन उतरवायला धरत नाहीत, त्याची नियतच वेगळी. तरी उपाशी राहिलं की माणूस आपोआप हलका होतो, हा समज आमच्यात आहे आणि शेजारच्या माळकरी काकांच्यातही. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण त्यांनीच मला ऐकवली, तीही साबुदाण्याची खिचडी खाता खाता. रमजानमधल्या वजनावर जगभर अभ्यास झालेत. सरासरी घट भरते किलोभराच्या आसपास, आणि ईदनंतर काही आठवड्यांत तीही बहुतेक भरून निघते.

दुसऱ्यांचा हिशेब लिहिण्यात माझी वीस वर्षं गेली. शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई, सगळं पैशापर्यंत चोख. आपल्या पोटाचा मात्र सगळा कारभार तोंडी. म्हणून यंदा चाँद दिसला त्या रात्री कोरी वही काढली आणि रोजकीर्द मांडली. डावीकडे जमा, म्हणजे पोटात गेलं ते. उजवीकडे नावे, म्हणजे चाललो किती. स्टेशनपर्यंत जाऊन परत आलो तर एक ओळ.

पहिल्या रोज्याची नोंद अशी : खजूर ३, सरबत, भजी एक बशी.

मिसेसनं वाचलं. "एक बशी? बशी दोनदा भरली की. आणि पोरानं ठेवलेला समोसा कुणी संपवला?"

समोसा मला खरंच आठवत नव्हता. १९९२ मध्ये अमेरिकेत काही डॉक्टरांनी एक प्रयोग केला. कमी खाऊनही वजन उतरत नाही, अशी तक्रार असलेल्या १० जणांना त्यांनी खाण्याची नोंद ठेवायला लावली आणि प्रत्यक्ष खाणंही शास्त्रीय रीतीनं मोजलं. खाल्ल्यातलं जवळजवळ निम्मं नोंदीत आलंच नव्हतं. तेव्हापासून माझ्या वहीतून 'बशी', 'थोडं', 'मूठभर' हे शब्द बाद झाले. भजी मोजायची, आणि हात धुतल्याबरोबर लिहायची. तरावीहहून परत येऊन आठवत बसलं की चारांची दोन होतात.

चौथ्या दिवशी वहीनं चोर पकडला. माझा संशय भज्यांवर होता. पण सरबताचे दोन ग्लास, प्रत्येकी चार चमचे साखर. चहा तीन कप, दोन-दोन चमचे. एकूण १४ चमचे, म्हणजे सुमारे ७० ग्रॅम. वरची साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक बरं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता सरबत एकच ग्लास, लिंबू-सब्जाचं, एक चमचा साखरेचं. चहा बिनसाखरेचा. भजी ठेवली आहेत, चार. भज्यांशिवाय इफ्तार मला जमणार नाही, आणि जमतं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वासही नाही.

२००८ मध्ये अमेरिकेतल्याच सुमारे १,७०० लोकांच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. रोज नोंद ठेवणाऱ्यांचं वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या दुप्पट उतरलं होतं. रोज लिहिणारा माणूस मुळातच नेटाचा असणार, हेही खरं. पण लिहायचं आहे म्हटल्यावर तिसऱ्या समोशाकडे गेलेला हात थांबतो, हा माझा अनुभव.

वजन घ्यायचं ते सहेरीच्या आधी, उपाशीपोटी, एकाच काट्यावर. इफ्तारच्या तोंडावर काटा कमी दाखवतो, पण ते दिवसभरात उतरलेलं पाणी असतं. मी एकदा फसलो, आणि त्या आनंदात जिलेबी खाल्ली.

चेष्टा करणारा तो हमाल तसा काटकुळा. त्याला मी पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची गोष्ट सांगितली. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. पण शरीरातली चरबी ब्रिटिश डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. आपल्याकडं किडकिडीत माणसाच्याही पोटात चरबी लपते. म्हणून दर शुक्रवारी मी वहीत कमरेचं मापही लिहितो. आपल्याकडं पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी, बाईची ८०. हमालानं टेप मागून घेतला. आकडा मात्र सांगितला नाही.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी वहीआधी डॉक्टरांना गाठावं. डोस आणि वेळा आपल्या मनानं बदलू नयेत.

काकांनी वही घातली नाही. ते 'कालनिर्णय'वर दुधाच्या हिशेबाशेजारीच लिहितात. गेल्या एकादशीच्या चौकोनात 'दूध १ लि., खिचडी ३ वाट्या' असं आहे, आणि तिनाच्या जागी आधी दोन होते हे खोडलेलं स्पष्ट दिसतं.

आज एकोणिसावा रोजा. यंदा ८५ वर सुरुवात केली, पहाटे ८३.६ भरलो. दोन पानांवर नुसतं 'दावत' लिहिलंय, पुढं काही नाही. ईदच्या पानावर आत्ताच तारीख घालून ठेवलीय. शीरखुर्म्यापुढची जागा मोकळी आहे. काका दरवर्षी येतात, यंदा त्यांच्या वाट्याही माझ्याच वहीत धरायच्या असं त्यांचं म्हणणं आहे. मिसेस म्हणतात, पेन त्यांच्या हातात राहील.