हरारेमार्गे गोवा

रायगडच्या किनाऱ्यावर, मुरुडपासून श्रीवर्धनपर्यंतच्या कोळीवाड्यांत आणि वाड्या-आगरांत, ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत सहसा कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही. माणूस सांगतो ते वेगळेच असते. छातीत धडधडते, झोप लागत नाही, अंगात त्राण नाही, डोक्यात नुसते विचार चालू असतात. घरचे कधी भगताकडे नेतात, कधी गावातल्या डॉक्टरकडून ताकदीचे सलाईन लावून घेतात. मानसोपचारतज्ज्ञाचे नाव निघते ते फार उशिरा, आणि मग अलिबाग, पनवेल किंवा थेट मुंबई गाठावी लागते. अशा किनाऱ्याला कसा मानसोपचारतज्ज्ञ हवा, त्याने कुठे शिकावे आणि शिकून नेमके काय करावे, हा प्रश्न मनात ठेवून डॉ. विक्रम पटेल यांच्या तीन दशकांच्या कारकिर्दीचा मागोवा घेण्यासारखा आहे. मुंबई, ऑक्सफर्ड, लंडन, हरारे, गोवा आणि शेवटी बोस्टनचे हार्वर्ड मेडिकल स्कूल असा हा प्रवास. तो नेहमी चढत्या शिडीसारखा सांगितला जातो. माझे म्हणणे असे की या वाटेवरचा सर्वांत मोलाचा मुक्काम हरारेचा होता, आणि तिथे जे घडले ते समजून घेतले तर रायगडलाही त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

पटेल यांचा जन्म 1964 सालचा, मुंबईतला. ग्रँट मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला गेले आणि पुढे लंडनमध्ये मानसोपचार शिकले. इथवरची वाट त्यांच्या पिढीतल्या अनेक हुशार डॉक्टरांच्या पायाखालची आहे. आपल्याकडे एमबीबीएसच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला मानसोपचार विभागातली जेमतेम दोन आठवड्यांची पाळी दीर्घकाळ येत राहिली. ज्याला या विषयाची ओढ लागे त्याची नजर ब्रिटनकडे वळे, यात नवल नाही. लंडनने निदानाची शिस्त दिली, प्रश्नावली रचण्याची आणि पारखण्याची रीत दिली, आपलाच समज पुराव्यावर घासून पाहण्याची सवय दिली. त्याबरोबर न बोलता आणखी एक गोष्ट दिली: मनाच्या आजारावरचा उपचार हे तज्ज्ञाचेच काम, ही धारणा. 1993 मध्ये पटेल झिम्बाब्वेला गेले तेव्हा त्यांचा स्वतःचा समज तर आणखी टोकाचा होता. नैराश्य ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे आणि गरिबीने, अन्यायाने खचलेल्या माणसावर ते नाव लादणे चूक आहे, असे त्यांना वाटे. हे त्यांनी स्वतःच पुढे जाहीरपणे सांगितले आहे. हरारेत त्यांनी आरोग्य केंद्रांतल्या रुग्णांशी आणि पारंपरिक वैदूंकडे येणाऱ्या माणसांशी बोलून अभ्यास केला. शोना भाषेत लोक एक शब्द वारंवार वापरत: कुफुंगिसिसा, म्हणजे अति विचार करणे. कारण विचारले तर कोणी चेटूक सांगे, कोणी पितरांचा कोप. पण झोप, भूक, थकवा, रडू येणे, जगणे नको वाटणे यांची हकिकत ऐकत गेल्यावर लंडनच्या रुग्णाशी तिचे नाते लपत नव्हते. नाव निराळे होते, कारणाची समजूत निराळी होती, यातना ओळखीची होती. या अभ्यासातून शोना माणसाच्या स्वतःच्या शब्दांत विचारता येईल अशी चौदा प्रश्नांची यादी तयार झाली.

उपचार हे तज्ज्ञाचेच काम, हा दुसरा समज मोडला तो आकड्यांनी. त्या काळी साऱ्या झिम्बाब्वेत जेमतेम डझनभर मानसोपचारतज्ज्ञ होते आणि त्यातले बहुतेक एकट्या हरारेत. हरारेबाहेरच्या सुमारे नव्वद लाख लोकांसाठी उरत ते एक-दोन. इथे लंडनची रीत जशीच्या तशी चालणे अशक्यच होते; मग तज्ज्ञाच्या कामाचे तुकडे करून त्यातले कोणते काम दुसऱ्याला शिकवता येईल, हे शोधणे एवढाच मार्ग उरतो. परदेशी शिक्षणाची खरी परीक्षा मला इथे दिसते. शिकलेले निष्कर्ष टाकून देता आले आणि शिकलेली पद्धत मात्र हातची सुटली नाही, म्हणून पुढचे काम झाले.

ते काम गोव्यात झाले. 1996 मध्ये पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे ‘संगाथ’ ही संस्था सुरू केली. ‘मानस’ नावाच्या त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष 2010 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. बारा सरकारी आरोग्य केंद्रे आणि बारा खासगी डॉक्टरांचे दवाखाने, एकूण सुमारे 2,800 रुग्ण. निम्म्या ठिकाणी दोन महिने प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक नेमला. तो मानसशास्त्राचा पदवीधर असण्याची अट नव्हती. तो रुग्णाचे ऐकून घेई, आजार समजावून सांगे, गरज पडली तर केंद्रातला डॉक्टर औषध देई आणि मानसोपचारतज्ज्ञ अधूनमधून येऊन अवघड रुग्ण पाही. निदान पक्के झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण समुपदेशक असलेल्या सरकारी केंद्रांत सुमारे 66 टक्के होते, नसलेल्या केंद्रांत 42 टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र काहीच फरक दिसला नाही. तिथे समुपदेशक नसतानाही रुग्ण तितकेच बरे होत होते. ही बाब अनेकदा झाकून ठेवली जाते; मला ती फार बोलकी वाटते. खासगी डॉक्टर बहुधा रुग्णाला नावानिशी ओळखतो, त्याच्या घरचे त्याला माहीत असतात, तो त्याला वेळ देतो. सरकारी केंद्राच्या रांगेत ते मिळत नाही, आणि समुपदेशकाने तीच उणीव भरून काढली, असा या निकालाचा अर्थ मी लावतो.

यावर पहिला आक्षेप असा की हा गरिबांसाठीचा दुय्यम दर्जाचा उपचार आहे. श्रीमंताला तज्ज्ञ आणि मच्छीमाराला दोन महिने शिकलेली मुलगी. आक्षेप भावनेने खरा आहे, पण तो तुलना चुकीची करतो. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांत उपचाराविना राहणाऱ्यांचे प्रमाण 70 ते 92 टक्के आढळले. (या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे आपण विसरता कामा नये.) म्हणजे आज निवड समुपदेशक की तज्ज्ञ अशी नाही, ती समुपदेशक की काहीच नाही अशी आहे. शिवाय दर्जा पदवीवरून ठरवायचा की रुग्ण बरा झाला यावरून? हरारेतच डॉ. डिक्सन चिबांडा यांनी आरोग्य केंद्राबाहेरच्या लाकडी बाकावर आजीबाईंना बसवून हेच काम करवले, आणि रुग्ण हेरण्यासाठी ती चौदा प्रश्नांची यादी वापरली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत सहा महिन्यांनी बाकावर बोललेल्यांपैकी सुमारे 14 टक्के लोकांत नैराश्याची लक्षणे उरली होती, इतरांत 50 टक्के. मात्र या पद्धतीला मर्यादा आहेत आणि त्या मान्य केल्या पाहिजेत. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी गोवा, तामिळनाडू आणि आपल्या साताऱ्यात अशीच चाचणी झाली. तिचा लाभ माफक निघाला. तीव्र आजाराला तज्ज्ञाची सोबत सोडून चालत नाही. कर्जतजवळ डॉ. भरत वाटवानी यांच्या ‘श्रद्धा’ संस्थेने रस्त्यावर भरकटलेल्या रुग्णांना बरे करून घरी पोहोचवण्याचे जे काम केले, ज्यासाठी त्यांना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ते तज्ज्ञाच्या औषधोपचाराशिवाय होऊच शकले नसते. तज्ज्ञाचा वेळ अशा रुग्णांसाठी मोकळा राहावा, यासाठीच बाकीचे काम इतरांना शिकवायचे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. डेरेक समरफील्ड यांच्यासारख्या टीकाकारांनी म्हटले आहे की जागतिक मानसिक आरोग्याच्या नावाखाली पाश्चात्त्य निदाने साऱ्या जगावर लादली जात आहेत आणि सामाजिक दुःखाचे आजारात रूपांतर होत आहे. या इशाऱ्याची गरज आहे. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरुडच्या सुपारीच्या बागा आडव्या केल्या. त्या बागायतदाराची झोप उडाली तर पहिला उपाय भरपाई आणि नवी रोपे हाच आहे. पण सुपारीला पीक धरायला काही वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत जो माणूस जेवण सोडतो, बोलणे टाकतो, जीव नकोसा झाला म्हणतो, त्याला तुझे दुःख सामाजिक आहे एवढे सांगून निघून जाणे क्रूर आहे. पटेल हरारेला निघाले तेव्हा समरफील्ड यांच्यापासून फार दूर नव्हते. रुग्णांचे ऐकून त्यांनी मत बदलले, आणि ऐकून बदललेले मत पुस्तकातल्या मतापेक्षा मला अधिक भरवशाचे वाटते. राहिला प्रश्न असा की असे डॉक्टर शेवटी बोस्टनलाच जातात. जाऊ देत. काय मागे राहिले ते पाहावे: गोव्यातली संस्था, तिथे घडलेले कार्यकर्ते, 2003 मध्ये निघालेले ‘व्हेअर देअर इज नो सायकायट्रिस्ट’ हे बिनतज्ज्ञांसाठीचे पुस्तक.

रायगडला हे सारे परके नाही. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यातल्या प्रयोगावरून 1996 मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि नवव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात तो देशातल्या 27 जिल्ह्यांत पोहोचला. त्यात महाराष्ट्रातून रायगड होता. म्हणजे आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने आणि सेविकेने मनाचे आजार ओळखावेत, ही कल्पना इथे पाव शतक जुनी आहे. कार्यक्रम कागदावर असणे आणि उपकेंद्रात रोज कोणी ऐकणारे असणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर कसे कापायचे याचा पुरावा शेजारच्या गोव्यात तयार आहे. अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तिथल्या विद्यार्थ्यांच्या मानसोपचाराच्या पाळीतला काही काळ म्हसळा-श्रीवर्धनकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत घालवावा, आणि ‘डोक्यात विचार येतात’, ‘जीव घाबरा होतो’, ‘बाहेरचे लागले’ या आगरी-कोळी बोलीतल्या तक्रारींची यादी त्यांनी आशासेविकांच्या मदतीने तयार करावी, हे काम परदेशी न जाता करण्यासारखे आहे. महाविद्यालयाने आणि जिल्हा परिषदेने ते याच वर्षी हाती घ्यावे. तोवर वाचकांनी एक क्रमांक जवळ ठेवावा: 14416. टेलिमानसची ही सरकारी सेवा चोवीस तास, विनामूल्य असते आणि मराठीतही बोलता येते.